आधी विहीर, मग बाप्तिस्मा

मराठीत ख्रिस्ती माणसाविषयी लिहिण्याच्या दोन वाटा चांगल्याच मळलेल्या आहेत. एक धर्मांतराची. कोण कधी बाटला, कोणी बाटवले, त्यावरून गावात केवढे रण माजले, याची ती हकिकत असते. दुसरी सेवेची. मिशनचा दवाखाना, मिशनची शाळा आणि शेवटी ‘माणसे मात्र सेवाभावी’ असे एक प्रमाणपत्र. पहिल्या वाटेने जाणाऱ्याला सेवा हे आमिष वाटते, दुसऱ्या वाटेने जाणाऱ्याला श्रद्धा ही ज्याची त्याची खाजगी बाब वाटते. पण एका गोष्टीवर दोघांचेही न बोलता एकमत आहे. श्रद्धा आधी ठरते, पक्की होते आणि मग कामाला लागते, हा क्रम दोघेही धरून चालतात. चर्चमधला उपदेशकही बहुधा हाच क्रम सांगतो. मराठी ख्रिस्ती इतिहासातली जी माणसे आपल्याला जवळून पाहता येतात, त्यांच्या बाबतीत हा क्रम जुळत नाही, एवढेच या प्रस्तावनेत मला मांडायचे आहे. तिथे काम पुढे गेलेले दिसते आणि श्रद्धा त्याच्या मागून, कधी बऱ्याच वर्षांनी, येऊन पोचलेली दिसते. आपण नेमके काय मानतो हे या माणसांना कळले ते पाणी भरताना, कोणाला घरात घ्यायचे हे ठरवताना, कोणाच्या हातचे खायचे हे ठरवताना. धर्मसिद्धान्ताचे शब्द त्यांच्यापाशी आधीपासून होते, त्यांत अर्थ भरला तो नंतर.

पंडिता रमाबाईंपासून सुरुवात करणे भाग आहे, कारण त्यांनी स्वतःच्या श्रद्धेचा हिशेब लिहून ठेवला आहे. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहिल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्याआधी घडलेली एक गोष्ट त्यांनी १९०७ सालच्या आपल्या निवेदनात सांगितली आहे. याच जोगिणी लंडनमधल्या फुलहॅम भागात ‘पतित’ म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांसाठी एक घर चालवत. ते घर रमाबाईंना दाखवण्यात आले. अशा बायकांवर कोणी माया करते, त्यांना पुन्हा उभे करते, हे त्यांनी पूर्वी कुठे पाहिले नव्हते. असे का करता, असे त्यांनी विचारले तेव्हा उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची कथा त्यांना वाचून दाखवण्यात आली. भर दुपारी विहिरीवर आलेली ही बाई, पाच नवरे झालेली, यहुद्यांच्या लेखी विटाळाच्या जमातीतली. आणि येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. हे का घडते आहे ते तिलाही कळत नाही. रमाबाईंच्या बाबतीत आधी दिसले ते घर, मग आली कथा आणि सर्वांत शेवटी संस्कार. त्यांचे मन जिंकणारा युक्तिवाद केवळ पुस्तकातला नव्हता, फुलहॅमच्या त्या घरातला होता. पुढे त्यांना सिद्धान्त शिकवू पाहणाऱ्या सिस्टर जेरल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात रमाबाई त्रैक्यावर वाद घालतात, चर्चच्या अधिकारावर शंका घेतात, आपला शाकाहार सोडायला साफ नकार देतात. बाप्तिस्मा झालेल्या बाईचे हे वागणे पाहून सिस्टर वैतागत. सिद्धान्ताच्या परीक्षेत रमाबाई नापासच म्हणायच्या. तरी हिंदुस्थानात परत आल्यावर १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढायला त्या परीक्षेचा निकाल आड आला नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण त्यांना कोणी घर दाखवले नाही की कथा वाचून दाखवली नाही. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा संसार दुभंगला. काही वर्षांनी लक्ष्मीबाई नवऱ्याजवळ राहायला आल्या त्या सोवळेओवळे बरोबर घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, नवऱ्याचा धर्म त्याच्यापाशी आणि आपला आपल्यापाशी. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला त्या दिवसांतली गंमत आणि घालमेल दोन्ही आठवत असतील. ही भिंत पडली ती येशूविषयीच्या कोणत्याही निष्कर्षाने पडली नाही. जात देवाने केली की माणसाने, हा एकच प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, त्याचे उत्तर स्वतःच दिले, आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे पाणी आणि अन्न त्यांना चालू लागले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे ख्रिस्ती होण्यातले सर्वांत अवघड काम त्यांनी ख्रिस्ती होण्याआधीच उरकले होते. संस्काराच्या दिवशी पाळकाने जे पाणी वापरले, त्याच्यापेक्षा त्याआधी दुसऱ्याच्या हातून घेतलेला घोट मला त्यांच्या श्रद्धेच्या इतिहासात मोठा वाटतो. टिळकांनी स्वतः पुढे १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा होती. घरात जे घडलेले त्यांनी पाहिले होते, त्याचा या कल्पनेशी काहीच संबंध नसेल असे मानणे मला जड जाते.

इथे धर्मशास्त्र जाणणारा वाचक मला अडवील, आणि त्याने अडवायलाच हवे. तारण कृपेने आणि विश्वासाने होते, कर्माने नाही, हा तर प्रॉटेस्टंट पंथाचा पाया. कृतीविना विश्वास निर्जीव ठरतो असे सांगणारे याकोबाचे पत्र ल्यूथरला इतके खटकले की १५२२ सालच्या नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने त्याला गवताचे पत्र ठरवले. (प्रस्तावनाकारांनी नको ते लिहून ठेवण्याची परंपरा जुनी आहे.) त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे खुद्द रमाबाईंची साक्ष आक्षेपकाच्या बाजूची आहे. बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्या लिहितात; आपल्या हातून होणाऱ्या कशानेही आपले तारण व्हायचे नाही हे उमगले तेव्हा कुठे जीव निवला, असेही लिहितात. मग काम आधी आणि श्रद्धा मागून, हे म्हणणे त्यांच्याच तोंडी खोटे ठरत नाही का? मला तसे वाटत नाही. ल्यूथरचा राग होता तो कामाच्या बदल्यात पुण्य जमा करण्याच्या हिशेबावर. रमाबाईंची सुटका झाली तीही त्याच हिशेबातून. ही जाणीव त्यांना झाली ती १८९१च्या सुमारास, म्हणजे विधवांचे शारदा सदन चालवू लागल्यावर, रोजच्या कामात हात पोळल्यावर. आणि हिशेब सुटल्यावर काम थांबले का? त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम त्यानंतरचे आहे.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या. त्यांचे वडील, आई आणि मोठी बहीण अशाच एका दुष्काळात भुकेने गेली होती, त्यामुळे भुकेचे रूप त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिथून आणलेल्या मुली आणि बाया पुण्याजवळ केडगावला आल्या आणि तिथे मुक्ती सदन उभे राहिले. पुढच्या काही वर्षांत ही वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार जिवांना दोन वेळा जेवू घालायचे म्हणजे विहिरी खणणे आले, शेती आली, दूध आले, माग आले, शिवण आले. कृपेच्या सिद्धान्ताचे काय झाले ते पाहायचे तर केडगावच्या छापखान्यात पाहावे. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर एकटीने केले. त्यांच्या समोर वाचक होती ती जेमतेम अक्षर ओळखणारी खेड्यातली बाई, म्हणून भाषा मुद्दाम साधी ठेवली. त्या बायबलचे खिळे जुळवले ते मुक्तीतल्याच मुलीबायांनी. ज्यांना दुष्काळात रस्त्याच्या कडेला कोणी उचलले नसते त्या देवनागरीचा एकेक खिळा खणातून काढून ओळ बसवत होत्या, प्रुफे काढत होत्या. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई वारल्या तोवर त्यांच्या हातचे काम पुरे झाले होते, छापील ग्रंथ त्यांच्या मागे आला. देवाचे वचन मुलींच्या हातात द्यावे असे पुष्कळांनी म्हटले होते. इथे ते अक्षरशः त्यांच्या हातांतून बाहेर पडत होते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातल्या न्यायाच्या दृश्यात नीतिमान लोक राजाला गोंधळून विचारतात, आम्ही तुला उपाशी केव्हा पाहिले आणि जेवू घातले? त्यांना ठाऊकच नसते. पुण्य जमा करणारा हा प्रश्न विचारू शकत नाही, त्याच्यापाशी नोंद असते. कृपा आणि कृती यांचे भांडण त्या गोंधळात विरून जाते असे माझे मत आहे, आणि ते कोणत्याही परिषदेच्या ठरावापेक्षा मला जास्त पटते.

दुसरा आक्षेप घराबाहेरचा आहे आणि त्याला इतके सोपे उत्तर नाही. ही सगळी कृती म्हणजे बाटवण्याचे साधन होते, असा तो आक्षेप. १८९३ साली शारदा सदनातल्या काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे दिसू लागला तेव्हा पुण्यात गदारोळ झाला. ‘केसरी’ने झोडपून काढले, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सहानुभूतीचे सल्लागारही बाजूला झाले. रानड्यांना कोणी धर्मवेडे म्हणू शकत नाही. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असा भरवसा होता आणि तो डळमळला, ही त्यांची तक्रार रास्त होती. रमाबाईंचे म्हणणे असे की मी कोणाला जबरदस्ती केली नाही, फक्त माझ्या प्रार्थनेचे दार लावून घेतले नाही. दोघांचेही खरे असू शकते. केडगावी तर परिस्थिती आणखी बिकट होती. तिथे भाकरी, छप्पर आणि प्रार्थनेची घंटा एकाच हातात होती, आणि जिला परत जायला घर नाही अशा मुलीच्या होकाराचे वजन कोणत्या तराजूत करायचे? ज्याच्या हाती सगळी भाकरी आहे त्याच्यासमोर म्हटलेल्या ‘हो’विषयी शंका राहणारच, आणि मिशनच्या मित्रांनी ती झटकून टाकू नये. मात्र या शंकेतून एक कसोटी निघते, ती दोन्ही पक्षांनी वापरून पाहावी. जिथे पदरात एकही माणूस पडण्याची आशा नाही, उलट काहीतरी गमवावेच लागेल, तिथे ही श्रद्धा काय करते?

१८९७ साली पुण्यात प्लेग होता. प्लेगच्या इस्पितळात बायकांना कशी वागणूक मिळते यावर रमाबाईंनी मुंबईच्या ‘बाँबे गार्डियन’ या पत्रात उघड टीका केली. सरकारने आरोप फेटाळले, आणि प्रकरण लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेले. ज्यांच्या मदतीवर संस्था चालते त्या गोऱ्या समाजाची खप्पा मर्जी ओढवून घेण्यात धर्मप्रसाराचा कसलाच लाभ नव्हता. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इस्पितळ सुरू केले, त्याचीही हीच परीक्षा घेता येते. दक्षिण महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून लोक तिथे गाड्या जोडून येत, शस्त्रक्रिया करून घेत आणि ज्या धर्माचे आले त्याच धर्माचे परत जात. इस्पितळातही उपदेश चालत असे, हे लपवण्याचे कारण नाही. पण मोतीबिंदू काढून डोळस झालेला माणूस आपल्या खंडोबाला नारळ फोडायला गेला म्हणून पुढच्याचा मोतीबिंदू काढायचे कोणी थांबवले नाही. उपदेश फुकट जात राहिला आणि काम चालत राहिले. कशाचे साधन कोण होते याचा निवाडा करताना एवढे तरी लक्षात घ्यावे.

आता याच कसोटीवरून तिसरा आक्षेप उभा राहतो. असे काम तर ख्रिस्त न मानणाऱ्यांनीही केले. जोतीराव फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते १८६३ साली, रमाबाईंच्या किती तरी आधी. आणि रमाबाई प्लेगच्या इस्पितळाबद्दल लिहीत होत्या त्याच वर्षी, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले प्लेगचा रोगी मुलगा पाठीवर घेऊन आपल्या दत्तक मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यात पोचल्या आणि त्या आजारानेच १० मार्चला गेल्या. मग यात ख्रिस्ती ते काय? मला वाटते, या प्रश्नाने ख्रिस्ती वाचकाने अवघडून जाण्याचे कारण नाही. शेजारी कोण, असे विचारणाऱ्या शास्त्र्याला येशूने जी गोष्ट सांगितली तिच्यात याजक आणि लेवी बाजूने निघून जातात, आणि जखमी माणसाला उचलतो तो परधर्मीयाहून परका शोमरोनी. ज्यांच्या ग्रंथातच नायक बाहेरचा आहे त्यांनी चांगुलपणाचा मक्ता मागू नये. प्रश्न दुसऱ्यांनी काय केले हा नाहीच. अमुक मानतो असे म्हणणाऱ्या माणसावर त्या मानण्याने काय बंधन येते, हा आहे.

आणि या प्रश्नावर घरातली साक्ष फारशी सुखाची नाही. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले, म्हणजे मराठीत ख्रिस्ती श्रद्धेचे शब्द चारशे वर्षांहून जुने आहेत. त्याच गोव्यात चर्चच्या कॉन्फ्रारियांमध्ये, म्हणजे बंधुमंडळांमध्ये, कोणाला घ्यायचे ते पिढ्यान्‌पिढ्या जातीवर ठरत आले. बामण, चारडी आणि बाकीचे यांनी एकच वेदी आपापल्या मानपानानुसार वाटून घेतली. नगर जिल्ह्यात, जिथे अमेरिकन मिशनने १८३१ पासून जात चर्चच्या दाराबाहेर ठेवण्याचा आग्रह धरला, तिथे महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यातली सोयरीक ही आजही सहज जमणारी गोष्ट नाही. त्यांना बाहेरचाही आधार नाही, कारण १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती दलिताला मिळत नाहीत. कागदावर तो दलित नाही, आणि त्याच्या चर्चमधल्या इतरांना मात्र त्याची जात नीट ठाऊक असते. कोणी म्हणेल की तुमच्याच पुराव्याने तुमचा मुद्दा कोसळला. मला उलट दिसते. जर श्रद्धा आधी पक्की होऊन मग कामाला लागत असती, तर चारशे वर्षांच्या प्रश्नोत्तरीने आणि रविवारच्या उपासनेने जात मोडायला हवी होती. ती मोडली नाही. जिथे मोडली तिथे कोणी तरी लक्ष्मीबाईंसारखे आधी पाणी प्याले.

या संग्रहातले लेख ज्या प्रदेशात फिरतात तिथे आज हे कुठे पाहायचे? वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हिरवा पट्टा आणि गोडे पाणी वाचवण्यासाठी जे आंदोलन केले ते सर्वांना माहीत आहे, त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी वाचकाचे लक्ष त्यापेक्षा कमी गाजलेल्या कामाकडे वेधीन. स्वित्झर्लंडचे येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी नगरच्या दुष्काळी पट्ट्यात अनेक दशके काढली, आणि १९९०च्या आसपास त्यांच्या पुढाकाराने पाणलोट विकासाचा इंडो-जर्मन कार्यक्रम उभा राहिला. १९९३ साली त्यातून वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट निघाला. गावे बहुतांश हिंदू, प्रार्थनेचा काही संबंध नाही. अट एवढीच की गावाने आधी श्रमदान करून दाखवायचे, आणि चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळायची. मग माथ्यापासून पायथ्याकडे समतल चर, नालाबांध, आणि वर्षा-दोन वर्षांत खालच्या विहिरींना पाणी.

पण इथेच गोष्ट अवघड होते, आणि म्हणून ती मला मोलाची वाटते. चर खणले जातात माथ्यावर, जिथे गायरान आणि मुरमाड जमिनी असतात. पाणी वाढते पायथ्याला, बागायतदाराच्या विहिरीत. चराईबंदीने ज्याची शेळी उपाशी राहते त्याच्याकडे बहुधा विहीर नसते. म्हणजे गावाचे भले होताना त्याची किंमत सर्वांत गरीब माणूस मोजतो, आणि तीही श्रमदानासकट. शेजाऱ्यावर प्रीती करा, या आज्ञेत याची तरतूद नाही. डोंगराच्या उतारावर कोण कोणाचा शेजारी हे पाण्याची वाट दाखवते तेव्हाच कळते. गवत तोडून न्यायचा हक्क आधी कोणाला, शेळ्या विकाव्या लागल्या त्या बाईला मधल्या तीन-चार वर्षांत मजुरी कुठली, वाढलेल्या पाण्यात भूमिहीनाचा वाटा किती, हे प्रश्न काम करणाऱ्यांसमोर आले ते धर्मशिक्षणाच्या वर्गात आले नसते. शेवटच्या प्रश्नाचे एक उत्तर विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात दिले होते. त्यांच्या पाणी पंचायतीत पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता घरातल्या माणसांवर ठरे, भूमिहीनालाही तो मिळे, आणि ऊस लावायला बंदी होती. साळुंखे इंजिनियर होते आणि त्यांना हे सांगायला कोणत्याही शुभवर्तमानाची गरज पडली नाही. पाणलोटाच्या कामातल्या ख्रिस्ती कार्यकर्त्यांनी हा नियम आपल्या गावांत किती घेतला, कुठे बागायतदारांपुढे माघार घेतली आणि कुठे प्रश्न ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवरच येऊ दिला नाही, हे वाचकाने पुढच्या पानांत तपासून पाहावे.